वाचकांचे प्रश्न : शुभेच्छापत्रात कामाचा हिशेब

प्रश्न : लोकप्रतिनिधींचं वर्षअखेरचं शुभेच्छापत्र मी लिहितो. चार पानं होतात, कुणी वाचत नाही. कुठे चुकतं?

उत्तर : एक पान, फार तर ३०० शब्द. शुभेच्छा पहिल्या दोन ओळींतच उरका. मतदारांना उत्सुकता असते ती कामांची. तिथेच गफलत होते. ‘मंजूर’, ‘सुरू’ आणि ‘पूर्ण’ ही तिन्ही कामं एकाच बेरजेत घातली की आकडा फुगतो, पण खणून ठेवलेल्या रस्त्यावरून रोज जाणारा माणूस त्यावर हसतो. ‘मार्गी लावलं’ हा शब्द तर काढूनच टाका. त्याऐवजी असं लिहा : ‘पाण्याची टाकी बांधून झाली, जलवाहिनीची जोडणी बाकी, म्हणून पुरवठा सुरू नाही.’ रखडलेलं एखादं काम कारणासकट आलं, की बाकीच्यांवरही विश्वास बसतो. खर्च सरकारी निधीतला असेल तर ‘मी दिले’ नको.

पाठवण्याआधी नावांची यादी तपासा. जुन्या यादीमुळे वारलेल्या माणसाच्या नावानं शुभेच्छा घरी पोचतात, आणि ते घर विसरत नाही. खाली कार्यालयाचा फोन नंबर आणि भेटीची वेळ हवीच. फोटो मात्र एकच पुरे.