शांतता समित्यांचा खरोखर उपयोग होतो का?

आपण विचारले आहे की, सणासुदीला आपल्या तालुक्याच्या गावात दोन समाजांत ताण निर्माण होतो, तेव्हा अहिंसा आणि सलोख्यासाठी काही तरुणांनी एकत्र येऊन समिती काढावी काय, आणि अशा समित्यांनी काही साधते की तो नुसता देखावा असतो. मी शाळेत शिक्षिका होते आणि निवृत्तीच्या आधीपासून आमच्या भागातील मोहल्ला समितीचे काम करते आहे. माझ्या पाहण्यात देखाव्याच्या समित्याच जास्त आल्या आहेत. मात्र ज्या उपयोगी पडतात त्यांची घडण मुळातच निराळी असते, आणि ती समजून घ्यायची तर भिवंडीपासून सुरुवात करावी लागते.

यंत्रमागांच्या या शहरात मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली होती, आणि मे १९८४ मध्ये ते पुन्हा पेटले. त्यामुळे मुंबईच्या आसपास कोठेही खुट्ट झाले की आधी भिवंडी पेटणार, असे सगळेच धरून चालत. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मिळून सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या, आणि त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मारली गेली. त्या दोन्ही महिन्यांत भिवंडी शांत राहिली.

हे कसे घडले असेल, याचा विचार करताना मला त्या समित्यांची रचना सर्वांत महत्त्वाची वाटते. सणाच्या आठवडाभर आधी पोलीस ठाण्यात भरणाऱ्या शांतता समितीच्या बैठकीला कोण येते, हे आपणही पाहिले असेल: दोन्ही बाजूंचे पुढारी येतात, चहा होतो, भाईचाऱ्यावर भाषणे होतात, छायाचित्र निघते आणि पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाचे तोंड पाहत नाही. खोपडे यांनी पुढाऱ्यांना आणि गुंडांना बाजूला ठेवून वस्तीतील साधी माणसे निवडली, दोन्ही समाजांना सारखे स्थान दिले, त्या भागातील पोलिसाला त्यांच्यासोबत बसवले आणि दंगल नसतानाही नियमित बैठका घेतल्या, ज्यांत बहुतेक वेळ शेजाऱ्यांच्या किरकोळ भांडणांवर जात असे. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञांनी भारतातील काही शहरांचा अभ्यास करून असे दाखवले आहे की, येता-जाता होणारा रामराम-सलाम ताणाच्या काळात पुरा पडत नाही. संघटना, मंडळे, व्यवसाय यांतून दोन्ही समाज एकत्र बांधलेले असतील तर शहर सावरते.

आमच्या वस्तीतील एक प्रसंग सांगते. सार्वजनिक नळाला पहाटे साडेचारला पाणी येत असे आणि एका घराने त्याला परस्पर रबरी नळी लावली. हंडे रांगेत अडकले, दोन बायकांत बोलाचाली झाली, एकीच्या हातातला हंडा खाली आपटून चेपला. अर्ध्या तासात दोन्हीकडचे पुरुष जमले, आणि तोपर्यंत "नळी लावणारी" या शब्दाची जागा "ती त्यांच्यातली" या शब्दांनी घेतली होती. भांडणाचे नाव बदलते तो हा क्षण, आणि तो ओळखणे हे समितीचे निम्मे काम आहे. आमच्या समितीतील शिवणकाम करणाऱ्या आपा आणि मी दोघी नळावर गेलो, धर्माबद्दल एक अक्षर काढले नाही, फक्त नळी कोणाची, किती वेळ लावली, कोणाचे किती हंडे राहिले एवढेच विचारत बसलो. आपांनी चेपलेला हंडा उचलला आणि "हा ठोकून आणायचे पैसे कोण देणार?" असे विचारले. गर्दीतले लोक त्या हंड्यावर वाद घालू लागले, आणि आमचा जीव भांड्यात पडला.

अफवेचे कामही असेच बारीक असते. एका रात्री मोटारसायकलच्या अपघातात एक मुलगा जखमी झाला, आणि तो मेल्याचा निरोप तासाभरात शेकडो फोनांवर फिरला. शांत राहण्याचे आवाहन आम्हीही केले, परंतु त्याने कोणाचे समाधान होईना. शेवटी समितीतला एक रिक्षावाला थेट रुग्णालयात गेला आणि त्या मुलाचा, चहा मागणारा, वेदनेने कण्हणारा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याच्या वडिलांच्या परवानगीने सगळीकडे पाठवला. निषेधाच्या पाच पत्रकांपेक्षा तो वीस सेकंदांचा आवाज अधिक उपयोगी पडला.

आमच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. पहिली समिती आम्ही वजनदार माणसांची केली आणि ती आठ महिन्यांत बंद पडली, कारण प्रत्येकाला खुर्ची हवी होती आणि गटारीच्या तक्रारीत कोणालाच रस नव्हता. दुसरा धोका पोलिसांवर विसंबण्याचा. अधिकारी चांगला असेल तर बळ येते, पण त्याच्या बदलीबरोबर समितीही ओसरू शकते. खुद्द भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून संघर्ष झाला, त्यात पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक आणि जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. तो वाद दोन समाजांतला नव्हता, लोक आणि पोलीस यांच्यातला होता; जिथे पोलीसच एक पक्ष होतात तिथे त्यांच्या विश्वासावर उभी राहिलेली समिती कोणाकडे पाहणार, हा प्रश्न मला आजही सुटलेला वाटत नाही. मुंबईत १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या काळात निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी नागरिकांच्या बाजूने मोहल्ला समित्यांचे काम उभे केले, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

आपल्या गटातील तरुणांना कदाचित याहून धाडसी काहीतरी हवे असेल. अहमदाबादेत १ जुलै १९४६ रोजी वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी हे दोन मित्र दंगल थांबवायला जमावासमोर गेले आणि दोघेही मारले गेले. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे, पण अशी वेळ येऊ नये म्हणून करायचे काम फार कंटाळवाणे असते, हे तरुणांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिसऱ्या बैठकीला उपस्थिती रोडावली तरी आपण खचणार नाही.

सुरुवातीला बारा-पंधरा माणसे पुरेत. त्यांत निम्म्या स्त्रिया असू द्या, एखादा पानटपरीवाला आणि एखादा रिक्षावाला असू द्या, कारण गावातील बातमी आधी त्यांच्या कानावर येते. निवडणूक लढवू इच्छिणाऱ्यास घेऊ नका. बैठक देवळात, मशिदीत किंवा ठाण्यात न घेता शाळेच्या वर्गात घ्या आणि वेळ ठरवताना नमाज व आरती दोन्ही सांभाळा. पहिल्या बैठकीत सणाचा विषय काढू नका, रस्त्यावरच्या दिव्याचा काढा. आमच्या कोपऱ्यावरचा दिवा लागायला चार महिने आणि सात अर्ज लागले, आणि तेवढ्या काळात आम्हा पंधराही जणांकडे एकमेकांचे फोन क्रमांक आले होते.