इष्टतमीकरण, अनुकूलन की बेतणी?

नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या विभागात व्याख्यानं ठेवली आहेत आणि विषय आहे ‘ऑप्टिमायझेशन अँड मशीन लर्निंग फॉर रिलायबल वायरलेस अँड इंटेलिजंट सिस्टिम्स’. (ऑप्टिमायझेशन म्हणजे जे हाताशी आहे त्यात शक्य तितकं चांगलं साधणं.) फलक मराठीतही हवा, म्हणून त्यांनी मजकूर केला: ‘विश्वासार्ह बिनतारी व बुद्धिमान प्रणालींसाठी इष्टतमीकरण व यंत्रशिक्षण’. एक सहकारी म्हणतात, इष्टतमीकरण काढा आणि ‘अनुकूलन’ घाला. कच्चा मजकूर वाचून एका विद्यार्थ्याने विचारलं, “मॅडम, इष्टतमी कधी आहे?” त्याला ती अष्टमीच्या शेजारची तिथी वाटली! बाई विचारतात, यातलं बरोबर काय, आणि साधा शब्द आहे का?

अनुकूलनाचा निकाल आधी लावू, कारण तो सोपा आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात उंटाचं, निवडुंगाचं अनुकूलन शिकलेलं असतं: परिस्थितीला जुळवून घेणं. बिनतारी संदेशवहनातही हवामान, गर्दी, अडथळे पाहून स्वतःला जुळवून घेणाऱ्या यंत्रणा असतात आणि तिथे अनुकूलन, अनुकूली हे शब्द लागणारच आहेत. एकाच फलकावर दोन वेगळ्या कल्पनांना एकच शब्द दिला तर तिसऱ्या व्याख्यानाला गोंधळ. शिवाय ‘अनुकूलित’ म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांपुढे वातानुकूलित डबा येतो.

इष्टतम चुकीचा नाही. इष्ट, इष्टतर, इष्टतम अशी ती चढण आहे आणि लॅटिनमधला मूळ शब्दही ‘सर्वांत चांगलं’ याच अर्थाचा आहे. अडचण शब्दाच्या सोबत्यांची आहे. इष्ट म्हणजे इष्टदेवता, लग्नपत्रिकेतले इष्टमित्र. आणि सरकारी कचेरीत ‘इष्टांक’ म्हणजे पूर्ण करायचं टार्गेट. त्या टेबलावर हा फलक गेला तर इष्टतमीकरण म्हणजे मार्चअखेरची वसुली असंच वाटेल. पण या शब्दात एक गुण आहे, तो मान्य करतो. इष्ट म्हटलं की ‘कोणाला इष्ट?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. या प्रश्नाकडे पुढे यायचंच आहे.

कमाल आणि किमान हे दोघे मात्र रोजच्या वापरातले. थंडी पडली की निफाडचं किमान तापमान नाशिकच्या पेपरात पहिल्या पानावर येतं, कोणालाही अर्थ सांगावा लागत नाही. कमालीकरण, किमानीकरण हे शब्द म्हणून खुशाल वापरावेत. पण ज्याचा आकडा आपण ठरवायचा, त्याचा ऑप्टिमम म्हणजे सर्वांत चांगला आकडा अनेकदा कमालही नसतो आणि किमानही नसतो. द्राक्षवेलीवर जास्तीत जास्त घड ठेवले तर मणी फुगत नाहीत, गोडी भरत नाही. फार काढले तर वजन जातं. विरळणी करताना बागाईतदार जो आकडा मनात धरतो, तो या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो. (गंमत म्हणजे अरबीत ‘कमाल’ म्हणजे पूर्णत्व, परिपूर्णता. ‘कमाल केलीस!’ मधे तो अर्थ अजून जिवंत आहे. हवामान खात्याने त्याला थर्मामीटरवर चढवला.)

आता माझा उमेदवार: बेत. क्रियापद बेतणे, आणि पेरणी, छाटणी, आखणी यांच्या चालीवर नाम बेतणी.

रविवार कारंजाजवळच्या गल्लीतल्या एका शिंप्याकडे मी मागे शर्ट टाकायला गेलो होतो. माझ्या पुढे एक आजी, हातात ८० सेंटिमीटरचा ब्लाउजपीस. बाह्या कोपरापर्यंत हव्यात. मास्तरांनी कापड पसरलं, टेप टाकला आणि म्हणाले, “आजी, बेतात बसत नाही.” आजी म्हणाल्या, “बसवा हो, तुम्हीच बसवता.” मास्तरांनी कापडाची घडी मोडली, दुसरीकडून घातली. एक बाही सुलटी, दुसरी तिला उलटी लावून आखली. मधे जी चिंचोळी पट्टी उरली तिच्यावर खडूने हुकपट्टी काढली. “काखेत जोड येईल, पण दिसणार नाही. आणि आत थोडी माया सोडतो.”

मी तिथे उभ्या उभ्या जे पाहिलं, तेच या व्याख्यानांत समीकरणांनी सांगणार आहेत. कापड ठरलेलं, अंगाची मापं ठरलेली, इच्छा लांब बाहीची. शक्य असलेल्या आखण्यांतून सगळ्यांत बरी शोधायची. रशियात १९३९ साली लिओनिद कँटोरोविच यांनी या शास्त्राचा पाया घातला, तेव्हा त्यांच्यापुढे आलेला प्रश्न प्लायवूडच्या कारखान्यातला होता: वेगवेगळ्या यंत्रांवर कोणता माल किती चढवला तर उत्पादन जास्त निघेल. तिथे कापडाऐवजी लाकूड होतं, एवढंच.

बेत या शब्दात मर्यादा आधीच शिवलेली आहे, हे त्याचं सगळ्यात मोठं बळ. ‘परिस्थिती बेताची आहे’, ‘बेताचंच जेवला’, ‘बेताबेताने खर्च कर’. इष्टतमात ‘जे आहे त्यात’ हा भाग कुठेच नाही. तो वेगळा सांगावा लागतो. आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ योजना: ‘उद्या काय बेत?’, ‘रविवारी मिसळीचा बेत आहे.’ हिंदीतला ब्योंत त्याचा नातलग दिसतो, आणि तिथेही अर्थ कापड मापून कापण्याचाच.

योजनेचा हा अर्थ इथे फुकट जात नाही. गणितात ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ नावाचं प्रकरण आहे. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मधे त्याची सिम्प्लेक्स रीत काढली. त्यातला प्रोग्रॅम म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम नव्हे. अमेरिकी लष्करात प्रशिक्षण, रसद, तैनाती यांच्या आराखड्याला प्रोग्रॅम म्हणत, तो हा. म्हणून त्याला मराठीत ‘रेषीय आज्ञावली’ म्हणणं चूक आहे. ‘रेषीय बेतणी’ म्हटलं तर दोन्ही अर्थ हाती लागतात. याच क्षेत्रात १९८४ साली बेल लॅब्जमधे काम करणाऱ्या नरेंद्र करमरकरांनी नवी रीत दिली. सिम्प्लेक्स शक्यतांच्या आकृतीच्या कोपऱ्याकोपऱ्याने चालत जातो, करमरकरांची रीत आतून वाट काढते. मराठी नावाच्या माणसाने जगाला बेतायला शिकवलं आणि आपण इष्टतमीकरण शब्दावर अडलोय!

हरकत येईल ती मला माहीत आहे: ‘जिवावर बेतलं’. पेपरात बेतणे बहुतेक वेळा सेल्फी आणि धबधब्यासोबतच येतो. पण ते बेतणे ‘-वर’ घेऊन येतं आणि त्याला कर्म लागत नाही. ‘शर्ट बेतला’ आणि ‘जिवावर बेतलं’ यांत मराठी माणूस कधी गोंधळलेला मी पाहिला नाही.

मास्तरांचा दुसरा शब्द माया. शिवणीत जे जादा कापड ठेवतात ते. रेडिओच्या अभियंत्याला हा शब्द फुकटात मिळतोय. तो जोडणीचं गणित करतो तेव्हा लागते त्याहून जास्त ताकद राखून ठेवतो; पाऊस आला, मधे झाड आलं, गाडी उभी राहिली तरी निरोप पोचावा म्हणून. १० डेसिबलची माया म्हणजे गरजेच्या दहापट ताकद हाताशी. आणि माया ठेवायची तर कापड तेवढं कमी पडतं. विषयाच्या नावात ऑप्टिमायझेशनशेजारी रिलायबल आहे, ते या ओढाताणीसाठी. अंगाबरोबर चोख बेतलेला कपडा पहिल्यांदा मांडी घालून बसलात की उसवतो.

हे मी आमच्या घरात पाहिलं आहे. निफाडकडे माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. त्याने पानांचा ओलावा, हवेतली आर्द्रता मोजणारी यंत्रं बसवून घेतली, डावणी या बुरशीच्या रोगाचा अंदाज आधी यावा म्हणून. एप्रिलमधे, खरड छाटणी झाल्यावर, विकणारे आले. बाग उघडी, मंडपाच्या तारा आणि ओलांडे तेवढे. चारी कोपऱ्यांतून आकडे घरी ठेवलेल्या, निरोप झेलणाऱ्या डब्यात झकास येत होते. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही, त्यात ही यंत्रं बोलतात; बॅटरी वर्षभर टिकावी म्हणून ताकदही बेताचीच ठेवलेली. जुलैत मंडप भरला, पानं पावसाने निथळायला लागली आणि लांबच्या दोन कोपऱ्यांचे निरोप गळायला लागले. ओली पानं रेडिओ लहरी पितात. नेमका ज्या दिवसांत डावणीचा धोका, त्याच दिवसांत यंत्र मुकं. मामेभाऊ चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “दादा, यांनी माप उघड्या बागेचं घेतलं अन् कपडा भरल्या बागेला बेतला.”

त्याने ऑप्टिमायझेशन हा शब्द कधी ऐकला नसेल. पण हे वाक्य मी त्या व्याख्यानांच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवीन. यंत्राला ज्या परिस्थितीतले नमुने दाखवून शिकवलं, ती बदलली की ते कसं चुकतं, तेही याच वाक्यात आलं. शेवटी त्याने अँटेना बांबूवर चढवून मंडपाच्या वर नेली.

यावरून रिलायबल. विश्वासार्ह ही बातमी असते, साक्षीदार असतो. जो बोलतो त्याचा विश्वास. जे काम करतं, पुन्हा पुन्हा करतं, ते भरवशाचं: भरवशाचा बैल, भरवशाचा फलंदाज; उलट बाजूने बेभरवशाचा पाऊस. यंत्रणा बोलत नाही, काम करते, म्हणून भरवशाची. मराठीला भरवशाचा हिशेबही माहीत आहे, नाहीतर ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण आली नसती: पारडीची आशा सगळ्यांत जास्त तिथेही शक्यता शंभर टक्के नाही. अभियंते हेच आकड्यात बोलतात. फाइव्ह-जीच्या अतिभरवशाच्या प्रकारासाठी ठरवलेली कसोटी अशी की ३२ बाइटचा निरोप १ मिलिसेकंदात पोचण्याची शक्यता ९९.९९९ टक्के हवी. म्हणजे लाखात एक टोणगा.

आता राहिलेला प्रश्न: कोणाला इष्ट? एका मनोऱ्यावरून अनेक फोनना सेवा द्यायची असते आणि ४जीमधे दर १ मिलिसेकंदाला ठरतं की आता कोणाला किती. याला ‘शेड्युलिंग’ म्हणतात, वेळापत्रक म्हणून भाषांतर करतात. नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम नद्यांच्या काठी फड पद्धत आहे. बंधाऱ्यातलं पाणी पाहून कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते गाव ठरवतं आणि पाटकरी पाळीने पाणी देतो. ‘पाळी’ हाच इथे शब्द. ताकद वाटण्याची एक प्रसिद्ध रीत आहे, तिचं इंग्रजी नावच पाणी भरण्यावरून पडलंय: उंचसखल तळाच्या भांड्यात पाणी ओतलं की खोलगट भागात जास्त साठतं, तसं कमी गोंगाटाच्या वाटेला जास्त ताकद द्यायची. एकूण माहिती त्याने सर्वांत जास्त जाते. पण पाटकरी असं वागला तर पाटाच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी त्याच्या दारात येऊन बसेल. म्हणून फोनच्या जगातही नुसती एकूण बेरीज न पाहता वाट्याचाही विचार करणाऱ्या रीती वापरतात. बेतणी तीच, बेत कोणासाठी ते बदलतं.

मशीन लर्निंगला यंत्रशिक्षण नको. त्र्यंबक रोडवर ‘यंत्रशिक्षण’ अशी पाटी दिसली तर कोणीही म्हणेल, आयटीआयमधे लेथ शिकवतात. शिक्षण दिलं जातं. इथे यंत्र शिकतं. ‘यंत्राचं शिकणं’ किंवा समासच हवा तर ‘यंत्र-अध्ययन’. बाकी शब्द शाळेतूनच घ्यावेत: नमुने गिरवून घेणं, सराव, चाचणी. आणि नमुने पाठ झाले पण नवं गणित सुटत नाही, या दोषाला इंग्रजीत ओव्हरफिटिंग म्हणतात. मराठीत घोकंपट्टी. याहून चपखल शब्द मला इंग्रजीतही सापडत नाही.

बुद्धिमान चालेल. ‘हुशार’ मला जास्त आवडतो, पण फलकावर प्राचार्य ऐकायचे नाहीत.

तर फलक असा करा: ‘भरवशाच्या बिनतारी आणि बुद्धिमान यंत्रणा: बेतणी आणि यंत्र-अध्ययन’. विद्यापीठाला पाठवायच्या कागदावर इष्टतमीकरण राहू द्या, तिथे तो ओळखीचा आहे. आणि वायरलेससाठी बिनतारीच ठेवा. तार खात्याची शेवटची तार २०१३ च्या जुलैत गेली, तरी पोलिसांच्या खांद्यावर बिनतारी अजून आहे. फक्त रंगाऱ्याला बजावून सांगा, ‘बि’ ऱ्हस्व. माझ्या डोळ्यांदेखत एकाने ‘बीन’ रंगवला होता, आणि त्याखाली पोरांनी खडूने नाग काढला होता.