धानावरचा तुडतुडा दोन फवारण्यांनंतरही हटत नाही, सगळ्यात जहाल औषध कोणतं?

जहाल औषधाचं नाव माझ्याकडून मिळणार नाही. तुम्ही लिहिलंय की धान निसवायच्या (लोंब्या बाहेर पडायच्या) बेतात आहे, दोन फवारे झाले, रस शोषणारा तुडतुडा वाढतोच आहे आणि दुकानदार आता तिसरं "कडक" औषध देतोय. भाऊ, तुमचा तुडतुडा बहुधा त्या दोन फवाऱ्यांमुळेच वाढलाय. हे मी ऐकीव सांगत नाही, धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडच्या शेतात, घडताना पाहिलंय.

मी भंडारा जिल्ह्यातला. माझी आणि चुलतभावाची धानाची बांधी (शेत) लागून, मध्ये एकच धुरा. पाणी एकाच मामा (माजी मालगुजारी) तलावाचं आणि त्या हंगामात वाणही एकच होतं, भारी म्हणजे उशिरा येणाऱ्या धानाचं. दादाने पोळ्याच्या सुमारास खोडकिड्याच्या भीतीने सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचं मिश्रण आणून मारलं. मग पीक फिकं वाटलं म्हणून युरिया, आणि वर पुन्हा तोच फवारा. मला म्हणाला, "तूही मारून घे, नाहीतर तुझ्याकडचा किडा माझ्याकडे येईल." मी नाही मारलं. त्यावरून घरात बोलणी खाल्ली, आळशी ठरलो.

दसऱ्याच्या आधी मी दोन्हीकडे उतरून पाहिलं. चूड (धानाचा ठोंब) दोन्ही हातांनी फाकवायची आणि बुडाशी हलकी थाप मारायची. माझ्याकडे पाण्यावर चार-सहा तुडतुडे पडले. ते पुन्हा बुंध्याकडे सरकत होते तेवढ्यात एक करडा कोळी पाण्यावरूनच धावत आला. पाठीवर बेचकीसारखी खूण, पोटाच्या टोकाला अंड्यांची पांढरी गोळी चिकटलेली. त्याने एक तुडतुडा जागच्या जागी धरला आणि त्याला घेऊनच बुंध्याआड गेला. हा लांडगा कोळी. जाळं विणत बसत नाही, हिंडून शिकार करतो आणि दिवसाला पाच ते पंधरा किडे खातो. दादाच्या बांधीत तीच थाप मारली तर पाणी दिसेना इतके तपकिरी किडे सांडले. चुडीमागून चुडी पाहिल्या, कोळी एकही नाही. दिवाळीपर्यंत त्याच्या बांधीत गोल खळी पडली, उभं पीक करपून आडवं झालं. माझ्याकडे तुडतुडा होता, पण खळं एकही पडलं नाही.

दादा आजही पंगतीत बसला की म्हणतो, "तुझं नशीब." नशिबाचा काय संबंध? तुडतुड्याची मादी अंडी पानाच्या आवरणाच्या आत खुपसते. फवारा तिथे पोचत नाही. वरून मारलेला फवारा पानांवर राहतो, किडा बसलेला असतो खाली पाण्यालगत. मरतात ते उघड्यावर हिंडणारे कोळी आणि तो बारीक हिरवा मिरिड ढेकूण, जो सोंड खुपसून तुडतुड्याची अंडीच शोषतो. आठवडा-दहा दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना खायला शेतात कोणी उरलेलं नसतं. वर युरियाने रस किड्याला पौष्टिक आणि पीक दाट, म्हणजे मादी अंडीही जास्त घालते.

हे सगळं एका देशाने मोठी किंमत मोजून शिकलंय. इंडोनेशियात सरकार औषधांवर अनुदान देत होतं, शेतकरी मारत होते आणि तुडतुडा वाढत होता. शेवटी १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली आणि पुढच्या काही वर्षांत अनुदानही बंद केलं. भात बुडाला नाही, उत्पादन वाढतच राहिलं. दादाला हे दोनदा सांगितलं, तो म्हणतो तिकडची माती वेगळी.

बरं, माती सोडा. उपासाचा साबुदाणा तर तोही खातो. तो ज्या टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या, कंदापासून होतो त्यावर २०२० मध्ये केरळात परदेशी पिठ्या ढेकूण सापडला आणि पुढे तामिळनाडूत पसरला, साबुदाण्याचे कारखाने असलेल्या सेलमच्या पट्ट्यातही. याच किडीने १९७०च्या दशकात आफ्रिकेत कसाव्याची पिकं झोपवली होती. तिथे हान्स हेरेन या स्विस शास्त्रज्ञाच्या चमूने पॅराग्वेतली एक इवलीशी गांधीलमाशी आणून सोडली. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. आपल्याकडेही बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तीच माशी पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनहून आणून २०२२ मध्ये तामिळनाडूत सोडली. तिथे माशी बाहेरून आणावी लागली. आपल्या धानात कोळी आणि मिरिड आयते आहेत, फक्त मारायचे नाहीत.

आता तुमचं. आज बांधीतलं पाणी काढा, तीन-चार दिवस कोरडी राहू द्या. तुडतुड्याला बुडाशी ओल लागते. पण ऐन निसवताना धानाला ताण पडू द्यायचा नाही, निसवायला लागलं की लगेच पाणी परत घ्या. युरिया बंद. वीसेक ठिकाणी चुडी फाकवून मोजा. चुडीमागे दहाच्या आत असतील आणि कोळी दिसत असतील तर पंप घरीच ठेवा.

दहाच्या वर असतील आणि कोळी संपलेले असतील तर मात्र फवारावं लागेल, हे मी नाकारत नाही. तेव्हा बुप्रोफेझीन किंवा पायमेट्रोझीन, दोन्हींपैकी एकच, लेबलवर लिहिलेल्या मात्रेत आणि नोझल बुंध्याकडे धरून. बुप्रोफेझीनने पिल्लांची कात अडते, मोठे किडे लगेच मरत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात धावू नका. औषधं एकत्र कालवू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही.

पुढच्या रोवणीला दर आठ-दहा ओळींनंतर हातभर पट्टा मोकळा सोडा, बुडाशी ऊन-वारा गेला पाहिजे. हेही मान्य करतो की त्या वर्षी मी युरियाही दादापेक्षा कमी टाकला होता, त्यामुळे सगळं श्रेय कोळ्यांचं नाही. आणि हे सारं तुडतुड्यापुरतं. खोडकिड्याचं गणित वेगळं, त्याला मित्रकीटकांचे ट्रायकोकार्ड आणि पतंग ओढणारे कामगंध सापळे, तेही वेळेत.

दुकानदाराने बुप्रोफेझीनसोबत "थोडं सायपर टाका, लवकर रिझल्ट येईल" म्हटलं तर घेऊ नका. दादालाही असंच सांगितलं होतं.