वाचक विचारतात : सोळा वर्षं मेजर

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन जनरल आयझेनहॉवर याच्यावर चार ओळी काय लिहिल्या, ठाणे-नवी मुंबईतून अमेरिकन जनरल लोकांवरच प्रश्न आले. म्हणून या वेळी तेवढेच घेतो.

आयझेनहॉवर १६ वर्षं मेजरच होता असं तुम्ही लिहिलंत. एवढा हुशार होता तर प्रमोशन अडलं कुठे? मी पण आयटीत बरीच वर्षं एकाच पोस्टवर आहे म्हणून विचारतेय. – एक वाचक, ऐरोली

खरंय ते, उलट हिशेब त्याहून वाईट आहे. पहिल्या महायुद्धात तो टेंपररी लेफ्टनंट कर्नल झालेला, गेटिसबर्गला कॅम्प कोल्टमध्ये रणगाड्यांच्या पोरांना ट्रेनिंग देत होता, फ्रान्सला जायचा नंबर लागणार तेवढ्यात युद्धच संपलं आणि मग रँकही खाली आली. १९२० ला मेजर, १९२२ ला सैन्यात काटछाट झाली म्हणून परत कॅप्टन, १९२४ ला पुन्हा मेजर, आणि लेफ्टनंट कर्नल व्हायला १९३६ उजाडलं. यात त्याचा दोष शून्य. शांततेच्या काळात तिकडे कर्नलपर्यंतचं प्रमोशन सिनियॉरिटीनं व्हायचं, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची लाइनच, पुढचे हलले तर तुम्ही हलणार, मग तुम्ही कितीही घाईत असा.

पण गडी रिकामा बसला नाही हं. पनामात जनरल फॉक्स कॉनर हा बॉस मिळाला, त्यानं याच्याकडून युद्धाचा इतिहास अक्षरशः घोटून घेतला, मग १९२६ ला फोर्ट लेव्हनवर्थच्या अफसरांच्या कोर्सला पहिला आला, आणि तरी रँक मेजरच! नंतर जनरल मॅकआर्थरच्या हाताखाली आधी वॉशिंग्टन, मग फिलिपीन्स. आणि बघा, मार्च १९४१ ला कर्नल झालेला माणूस डिसेंबर १९४४ ला पाच स्टारवाला, म्हणजे सगळ्यात वरच्या रँकचा जनरल. पावणेचार वर्षांत. कारण १९३९ ला २ लाखांच्या आत असलेलं सैन्य १९४५ पर्यंत ८० लाखांच्या वर गेलं, आणि चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे सैन्यप्रमुख, जॉर्ज मार्शल वय झालेल्या अफसरांना घरी पाठवून खालच्यांना वर खेचत होता. मला विचाराल तर यातला खरा हिरो मार्शलच. नॉर्मंडीची कमांड (१९४४ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजांची) त्याला स्वतःला हवी होती, पण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्याला वॉशिंग्टनमधून सोडायला तयार नाही, मग ती गेली आयझेनहॉवरकडे, आणि मार्शलनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. असा बॉस ऐरोलीत सापडला तर कळवा.

मुलगा अकरावीत आहे, एनडीएची तयारी चाललीय. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट सैनिकी अकादमीचे टॉपरच पुढे मोठे जनरल होतात का? – एक पालक, कोपरी

नाही हो. मॅकआर्थर १९०३ ला पहिला आला, कबूल. पण ग्रँट ३९ जणांत २१ वा, पॅटन गणितात आपटला आणि पहिलं वर्ष रिपीट केलं, कस्टर तर १८६१ च्या बॅचमध्ये शेवटून पहिला आणि दोन वर्षांत, वयाच्या २३ व्या वर्षी, ब्रिगेडियर जनरल (अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर परत कॅप्टन, ती गोष्ट वेगळी). मार्शल वेस्ट पॉइंटला गेलाच नाही, आणि कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात जिओलॉजी करता करता आरओटीसीतून (कॉलेजातच मिळणारं अफसरांचं ट्रेनिंग) अफसर झाला. ग्रँटची केस तर भारीच, १८५४ ला नोकरी सोडली, शेती बुडाली, सरपण विकलं, शेवटी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली बसला, आणि १८६४ ला अख्ख्या अमेरिकन सैन्याचा प्रमुख. तरी मुलाला गणित सोडू देऊ नका, पॅटनचं एक वर्ष त्यातच गेलं.

जनरल मॅकआर्थरला राष्ट्राध्यक्ष ट्रूमननं काढलं हा अन्याय नाही का? आमच्या कट्ट्यावर यावरून जोरात वाद झालाय. – एक ज्येष्ठ नागरिक, नेरूळ

काका, माझं मत ट्रूमनच्या बाजूनं. कोरियाच्या युद्धात मॅकआर्थरनं १५ सप्टेंबर १९५० ला इंचॉनला सैन्य उतरवलं ते ग्रेटच, त्यात वाद नाही. पण महिन्याभरात वेक बेटावर भेटल्यावर त्यानं ट्रूमनला सांगितलं की चीन मध्ये पडायची शक्यता फार कमी, आणि चिनी फौजा आल्या, अमेरिकन सैन्याला पार मागे रेटलं. ते पण चालून गेलं असतं, अंदाज कुणाचाही चुकतो. पण मग युद्ध चीनपर्यंत न्यायचं म्हणून हा उघड बोलायला लागला, विरोधी पक्षाच्या खासदाराला पत्र लिहिलं आणि ते ५ एप्रिल १९५१ ला संसदेत वाचलं गेलं. ११ तारखेला हकालपट्टी. युनिफॉर्ममधल्या माणसानं राष्ट्राध्यक्षाच्या धोरणाविरुद्ध जाहीर बोलायचं तर आधी राजीनामा द्यायचा ना! आणि वरच्या जनरल लोकांनाही ट्रूमनचा निर्णय मान्य होता, त्यात सैन्यदलांच्या प्रमुखांच्या समितीचा अध्यक्ष ओमर ब्रॅडलीसुद्धा आला.

सध्या अमेरिकेत पाच स्टारवाला जनरल कोण आहे? – एक विद्यार्थी, घणसोली

कुणीच नाही. शेवटचा हाच ब्रॅडली, १९५० ला झाला आणि १९८१ ला वारला. तो आयझेनहॉवरचा वर्गमित्र, १९१५ ची बॅच, त्या १६४ जणांतले ५९ जण पुढे जनरल झाले. आपल्याकडे त्या तोडीचे फील्ड मार्शल दोनच, करिअप्पा आणि माणेकशॉ.