४५ हजारांची सूट महाग कशी पडते: ऐरोलीच्या तीन कोटेशनवरून

तुमचे आकडे आधी एका जागी मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. राहणार ऐरोली, गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार मीटरच्या आतली, एक्स-शोरूम ९,४०,०००. घोडबंदर रोडवरच्या शोरूमने ४५,००० सूट सांगितली, तुर्भ्याच्याने ३०,०००, पनवेलच्याने २२,००० आणि वर 'पंचवीस हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज फुकट'. पनवेलला ५,००० टोकनही देऊन झालंय. जुनी हॅचबॅक काढायची आहे. आणि प्रश्न असा की घोडबंदरवाल्याचं कोटेशन दाखवून तुर्भ्याच्याला ४५,००० पर्यंत खेचता येईल का.

खेचायची गरजच नाही. तुम्ही दिलेल्या कागदांवर तुर्भ्याचा माणूस आत्ताच सगळ्यात स्वस्त आहे.

हिशोब बघा. घोडबंदरच्या कोटेशनात इन्शुरन्स ५२,०००, 'एसेन्शियल किट' १८,५०० आणि 'हँडलिंग' ६,५००. हे झाले ७७,०००. त्यातून ४५,००० वजा करा, राहिले ३२,०००. तुर्भ्याकडे इन्शुरन्स ४३,०००, मॅट-मडफ्लॅपचे ७,०००, हँडलिंग नाही. ५०,००० मधून ३०,००० गेले, राहिले २०,०००. पनवेलचा इन्शुरन्स ४७,०००, वजा २२,०००, म्हणजे २५,०००. गाडीची किंमत आणि रोड टॅक्स तिघांकडे सारखेच, त्यामुळे खरा फरक एवढाच. सर्वात मोठी सूट देणारा सर्वात महाग.

मी बँकेच्या वाहनकर्ज विभागात नोकरी केली आहे. कोटेशन, बिल आणि पॉलिसी असे तिन्ही कागद शेजारी ठेवून बघायचं माझं रोजचं काम होतं. सूट वाढली की दुसरी कुठली तरी ओळ फुगलेली दिसायची. सेल्समन लबाड असतो असं मी म्हणत नाही. गाडीच्या मूळ किमतीत डीलरला फार थोडं सुटतं. त्याची कमाई इन्शुरन्सच्या कमिशनवर, कर्जावर, अ‍ॅक्सेसरीजवर आणि तुमची जुनी गाडी पुढे विकण्यावर असते. म्हणून घासाघीस करायची ती त्या ओळींवर.

एक्स-शोरूम किमतीवर वेळ घालवू नका. ती कंपनी ठरवते, वेबसाइटवर असते, ठाण्यात आणि नवी मुंबईत तीच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि गावागणिक जकात-एलबीटीचा (स्थानिक संस्था कराचा) हिशोब मांडून गाडी कुठून घ्यायची हे ठरवायचे दिवस संपले. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुमच्या गटातल्या गाड्यांवर २८ टक्के अधिक सेसऐवजी सरळ १८ टक्के जीएसटी आहे, आणि ती कपात आजच्या किमतीत आधीच धरलेली आहे. कुणी 'जीएसटी बेनिफिट' सुटीच्या रकान्यात दाखवत असेल तर ती ओळ खोडा. रोड टॅक्सही डीलरच्या हातात नाही: पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, म्हणजे तुमचे १,०३,४०० आणि वर किरकोळ सेस. नंबर एमएच-०४ घेतला काय, एमएच-४३ घेतला काय, टॅक्स तोच. सीएनजीचा विचार पूर्ण सोडला नसेल तर एवढं लक्षात असू द्या की तिथला टॅक्स जुलै २०२५ मध्ये एक टक्क्याने वाढला, तरी पेट्रोलपेक्षा कमीच आहे.

वरच्या व्हेरियंटबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय, तो १०,१५,००० चा. तिथे १० लाखांची रेघ ओलांडली जाते आणि टॅक्स सगळ्या किमतीवर १२ टक्के लागतो, म्हणजे १,२१,८००. किमतीतला फरक ७५,००० चा दिसतो, खिशातून ९३,४०० जातात, इन्शुरन्स वाढेल तो वेगळा. बिलाची रक्कमही १० लाखांवर गेली तर १ टक्का टीसीएस (डीलरने आयकरापोटी आधीच वसूल करायची रक्कम) वर भरावा लागतो. तो मात्र रिटर्न भरताना वळता होतो, त्यामुळे तुलनेत धरू नका, फक्त तेवढी रक्कम आधी हाताशी ठेवा. सनरूफसाठी हे करायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. मी केलं नसतं.

आता इन्शुरन्स. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात आणि लोक नेमकं इथेच 'असू दे' म्हणतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. १००० ते १५०० सीसीसाठी तो जून २०२२ च्या दराने १०,६४०, जीएसटी धरून १२,५५५. हा कुठल्याही कंपनीत, कुठल्याही डीलरकडे एकच. तो बाजूला काढा. घोडबंदरवाल्याच्या ५२,००० मध्ये उरतात ३९,४४५, तुर्भ्याच्याकडे ३०,४४५. एकाच गाडीच्या एक वर्षाच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अ‍ॅड-ऑनमध्ये नऊ हजारांचा फरक. मग दोघांना विचारा: आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, किती? नव्या गाडीला ती एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते, तुमच्या गाडीला ८,९३,०००. अ‍ॅड-ऑन कुठले? झिरो डेप (क्लेममधून घसारा कापत नाहीत) आणि इंजिन प्रोटेक्ट ठेवा. पावसाळ्यात ठाण्यात वंदना टॉकीजच्या चौकात किती पाणी साचतं ते तुम्हाला माहीत आहेच, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून इंजिन गेलं तर साधी पॉलिसी सहसा हात वर करते. रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची रक्कम मिळते) पहिली दोन-तीन वर्षं घ्यावं. टायर कव्हर, किल्ली कव्हर, 'डेली अलाउन्स' असलं काही घुसडलं असेल तर काढायला सांगा. वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा तुमच्या नावावर आधीच वेगळा असेल, तर तोही पुन्हा घ्यायची सक्ती नाही.

नेमक्या याच आयडीव्ही आणि याच अ‍ॅड-ऑनवर स्वतः ऑनलाइन कोटेशन काढा आणि त्याचा प्रिंटआउट घेऊन जा. डीलरकडूनच विमा घ्या अशी सक्ती त्याला करता येत नाही. विमा नियामक आयआरडीएआयचे २०१७ चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. तो म्हणेल, 'बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही'. कॅशलेस हे विमा कंपनीचं नेटवर्क बघून मिळतं, पॉलिसी कुणी विकली यावरून नाही. तो असंही म्हणेल की मग सूट कमी होईल. होऊ द्या कमी, आणि पुन्हा बेरीज करा. बहुतेक वेळा प्रिंटआउट टेबलावर ठेवला की शोरूमचा प्रीमियमच खाली येतो, आणि तसं झालं तर तिथूनच घ्यायला हरकत नाही. क्लेमच्या वेळी त्याच वर्कशॉपचा माणूस पाठीशी असणं सोयीचंच.

आणि तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत? तिन्ही कोटेशनमध्ये तो शून्य धरलाय. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या हॅचबॅकवर सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्के सवलत तुमची आहे. जुनी गाडी विकल्याचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून एनसीबी सर्टिफिकेट मागून घ्या; ते तीन वर्षं चालतं. ही एक गोष्ट केली तरी घोडबंदरची जादा सूट विसराल.

जुनी गाडी बोलणीत शेवटी आणा. आधी बाहेर दोन ठिकाणी दाखवून भाव काढा. डीलर गाडीचा भाव आणि कंपनीचा एक्सचेंज बोनस एकत्र करून एकच गोळाबेरीज आकडा सांगतो. तो फोडून मागा. बोनस कंपनीचा असतो, त्यामुळे तीन शोरूममध्ये तो सारखाच निघाला पाहिजे. काही कंपन्या गाडी बाहेर विकून आरसी ट्रान्सफरची प्रत दिली तरी बोनस देतात, तेही विचारा. तसंच कॉर्पोरेट सवलतीचं. तुम्ही माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये नोकरीला आहात म्हणता आणि एकाही कागदावर ती ओळ नाही. कंपनीचं आयकार्ड दाखवल्याशिवाय ती कुणी स्वतःहून देत नाही.

कर्जाचा मोह. ८ लाख, ९ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे १६,६००. सात वर्षं केली की १२,८७० आणि सेल्समन म्हणतो, 'बघा सर, बजेटमध्ये बसवून दिली'. व्याज १.९६ लाखांवरून २.८१ लाखांवर जातं, हे तो म्हणत नाही. अर्धा टक्का दर जास्त लागला तरी पाच वर्षांत ११,७०० जातात. म्हणून स्वतःच्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात ठेवून शोरूममध्ये जा, आणि 'महिना किती परवडेल?' या प्रश्नाचं उत्तर देऊ नका.

'हँडलिंग' कसलं? गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च किमतीत धरलेला असतो. हा आकार कुठल्या सरकारी पावतीचा आहे तेवढं विचारा, बहुतेकदा निघून जातो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही नव्या गाडीसोबत येते, तिचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही काढायला सांगा. सरकारी फी म्हणजे नोंदणी ६००, कर्ज असेल तर बोजा नोंदवायचे १,५००, स्मार्ट कार्डचे दोनशे आणि किरकोळ टपाल. 'आरटीओ एक्सपेन्स ९,०००' असं गोल लिहिलेलं चालवून घेऊ नका. आता तर नव्या खासगी गाडीला तपासणीसाठी आरटीओत न्यावंही लागत नाही. किटमधलं टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंग सोडा. कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र घ्या, ती सगळीकडे एकाच भावाची असते.

पनवेलवाल्याची गाडी मी पहिल्यांदा यादीतून काढीन, २५,००० चा आकडा चांगला दिसत असूनही. तुम्ही लिहिलंय की ती 'स्टॉकमध्ये लगेच तयार' आहे. बनलीय कधी? विक्रीच्या वेळी निर्मितीचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ वर (विक्रीच्या दाखल्यावर) लिहिलं जातं आणि पुढे आरसीवर येतं. मागच्या वर्षाची गाडी असेल तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाणार. तशी गाडी घेऊच नये असं नाही, पण मग फुकट सीट कव्हरवर नाही, रोख सुटीवर बोला. फुकट अ‍ॅक्सेसरीज नाकारून त्याऐवजी पैसे कमी करायला सांगितले की त्या पंचवीस हजारांचे किती होतात ते गंमत म्हणून तरी बघा.

आपल्याकडे एकाच ब्रँडच्या शोरूम दाटीवाटीने आहेत, याचा फायदा आहे आणि एक फसवणूकही. पाट्या वेगळ्या असल्या तरी कधी कधी दोन शोरूमचा मालक एकच असतो. मग एकाचं कोटेशन दुसऱ्याला दाखवून काही हलत नाही. कोटेशनच्या तळाशी फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर असतो, तो जुळवून बघा. शिवाय बऱ्याच कंपन्यांत चौकशी मोबाइल नंबरवर नोंदली जाते आणि दुसऱ्या डीलरला ती दिसते. म्हणून पुढची चौकशी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नंबरवरून केलेली बरी.

वेळेचं म्हणाल तर दसरा आणि पाडव्याला डिलिव्हरी घ्या खुशाल, पण त्या आठवड्यात भाव करायला जाऊ नका. रांग लागलेली असते. पितृपक्षात शोरूम ओस पडतात, महिनाअखेरीला टार्गेट असतं, डिसेंबरात जुन्या वर्षाचा माल काढायचा असतो. पितृपक्षात भाव ठरवून, लेखी घेऊन, घटस्थापनेनंतर गाडी घरी आणणारे पुष्कळ आहेत. आजी-आजोबाही खूश. फक्त बुकिंगच्या कागदावर सूट, विम्याची रक्कम आणि 'किंमत वाढली तरी हाच भाव' हे तिन्ही लिहून घ्या, कारण नाहीतर डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू होते.

तर तुर्भ्याच्या सेल्स मॅनेजरला, सेल्समनला नाही, असं सांगा: कोटेशन मान्य, पण इन्शुरन्स माझ्या प्रिंटआउटच्या जवळ आणा, एनसीबी धरा, कॉर्पोरेट सवलत लावा, मॅट-मडफ्लॅप तुमच्यातर्फे. एवढं झालं तर आजच बुकिंग करतो. 'आजच' हा शब्द त्याला महिनाअखेरीला फार आवडतो. घोडबंदरचं नाव घ्यायची गरज नाही. तुमची तिथली चौकशी त्याला बहुधा आधीच दिसलेली असेल.

पैसे कायम फर्मच्या खात्यात, सेल्समनच्या यूपीआयवर कधीही नाही. पूर्ण रक्कम भरायच्या आणि नोंदणीच्या आधी चेसिस नंबर मागा आणि यार्डात जाऊन तीच गाडी दिवसाउजेडी बघा: रंगावर ठिगळ नाही ना, किलोमीटर किती, पाचही टायरवरचे चार आकडी आठवडा-वर्षाचे कोड एकमेकांच्या जवळचे आहेत ना. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून देत नाहीत.

आणि पनवेलचं टोकन आजच ईमेलवर परत मागा. फोनवर 'सोमवारी बघू' असं ऐकून घेऊ नका. पावती क्रमांक, रक्कम, तुमचा खाते क्रमांक आणि बुकिंग रद्द केल्याची तारीख लिहा, कंपनीच्या कस्टमर केअरला प्रत ठेवा. बुकिंग फॉर्मच्या मागे रद्द करण्याच्या अटी बारीक अक्षरात छापलेल्या असतात, त्या मेल लिहायच्या आधी वाचा, म्हणजे कापून काय घेणार ते आधीच कळेल.