खाऱ्या पाण्याच्या टँकखाली बोर्ड जळाला. घरमालक डिपॉझिट अडवू शकतो का?

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. करार ११ महिन्यांचा, नोंदणीकृत असून डिपॉझिट ६०,००० रुपये आहे. हॉलमध्ये समुद्री माशांचा ३०० लिटरचा टँक आहे. पंप, स्किमर (पाण्यातील घाण काढणारे यंत्र), वेव्हमेकर (पाणी हलते ठेवणारे यंत्र), दिवे आणि चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) हे सर्व एकाच दुकानातून घेतले व दुकानाच्याच माणसाने टँकखालच्या कपाटात एका ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर जोडून दिले. मे महिन्यात एका रात्री तो बोर्ड जळाला. भिंत आणि मालकांचे लाकडी टीव्ही युनिट काळे पडले, मासे व काही प्रवाळ मेले. नंतर इलेक्ट्रिशियनने पाहिले तर सॉकेटच्या अर्थच्या भोकाला मागून वायरच जोडलेली नव्हती. मालक डिपॉझिट देणार नाही म्हणतात, शिवाय ४५,००० रुपये मागतात. दुकानदार घराच्या अर्थिंगला दोष देतो. त्याआधी पंधरा दिवस पाण्यात हात घातला की झिणझिण्या येत होत्या, फोनवर दुकानदाराला सांगितले, तर तो म्हणाला, "खाऱ्या पाण्यात एवढं होतंच." आमच्या आधीच्या भाडेकरूने गिझरचा शॉक बसतो अशी मालकांकडे तक्रार केली होती असे कळले. सध्या टँक स्वयंपाकघराच्या सॉकेटवरून नवीन बोर्ड लावून चालू आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्याने मला सर्वांत जास्त काळजी वाटली, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. स्वयंपाकघरातील सॉकेटला अर्थिंग आहे की नाही हे आपण तपासलेले नाही. त्याच घरात एका सॉकेटला अर्थची वायर नव्हती हे माहीत झाल्यावरही आपण तोच प्रकार पुन्हा चालू ठेवला आहे. पहिल्या वेळी आपण अनभिज्ञ होता असे म्हणता येईल, पण आता तसे म्हणता येणार नाही. उद्या घरातील कोणाला किंवा फरशी पुसणाऱ्या मावशींना इजा झाली, तर इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या बेदरकार किंवा हयगयीच्या कृत्याविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ आपल्याविरुद्ध लागू शकते. म्हणून परवानाधारक विद्युत कंत्राटदाराने तपासून देईपर्यंत ती जोडणी बंद ठेवावी आणि उरलेले मासे तात्पुरते ओळखीच्या एखाद्या हौशी माणसाच्या टँकमध्ये हलवावेत.

आता मूळ वादाकडे येऊ. मालक आणि दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवत आहेत, कारण आपणही दोन वेगळ्या गोष्टी एकच धरून चालला आहात. झिणझिण्या ही एक घटना आहे आणि आग ही दुसरी. पाण्यात बुडालेल्या एखाद्या उपकरणातून वीज गळत असावी आणि अर्थ नसल्यामुळे ती आपल्या हातातून वाट शोधत असावी, हे झिणझिण्यांचे बहुधा कारण आहे. बोर्ड जळण्याला मात्र अर्थची वायर नसणे हे एकटे कारण पुरत नाही. समुद्री टँकमध्ये एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. हे पाणी वीज सहज वाहून नेते, काचेच्या कडेने आणि वायरीवरून ओघळते, आणि सुकल्यावर मागे राहिलेला पांढरा थर दमट हवेत पुन्हा ओला होतो. अशा पाण्याच्या बरोबर खाली, बंद कपाटात, जमिनीलगत बोर्ड ठेवणे हीच चूक होती. त्यातच ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट. मराठवाड्याच्या मे महिन्यात दिवसभर थांबत नसलेला चिलर त्याच बोर्डावर होता. नक्की काय झाले हे तज्ज्ञाच्या अहवालातून ठरेल, परंतु आपल्या माहितीवरून आगीचा मुख्य प्रश्न दुकानदाराला आणि अर्थिंगचा प्रश्न मालकांना विचारावा लागेल.

दुकानदाराबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चे सहावे प्रकरण आपल्या उपयोगाचे आहे. वस्तू जोडताना वाजवी काळजी न घेणाऱ्या, किंवा उत्पादकाने दिलेल्या धोक्याच्या सूचना ग्राहकापर्यंत न पोहोचवणाऱ्या विक्रेत्यावर कलम ८६ नुसार जबाबदारी येते, मात्र त्या चुकीमुळेच नुकसान झाले हे दाखवावे लागते. सदोष सेवेसाठी कलम ८५ आहे. ग्राहकाने वस्तूचा गैरवापर केला किंवा तीत फेरफार केले, असा बचाव कलम ८७ च्या आधारे घेतला जातो. दुकानदार तो घेईलच, म्हणून त्यांच्या माणसाने जोडून दिल्यानंतर आपण बोर्डाला काही नवे जोडले होते का, हे आपल्या वकिलाला खरे सांगावे. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि वस्तू व सेवेसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

मालकांविषयी बोलायचे तर आपला करार भाडेपट्टा नसून लायसन्स आहे, त्यामुळे येथे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे कलम ५७ पाहावे लागते. जागेतील धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणे मालकाचे कर्तव्य आहे, असे ते कलम म्हणते. 'माहीत असेल' या शब्दांवरच आपली बाजू उभी राहील किंवा पडेल. केवळ अर्थ नव्हता एवढे पुरेसे नाही. गिझरच्या शॉकची तक्रार त्यांच्याकडे गेली होती हे सिद्ध झाले पाहिजे. याखेरीज केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत गळतीपासून संरक्षण देणाऱ्या उपकरणाची तरतूद आहे. ती आपल्या जागेला लागू होते की नाही हे विद्युत भारावर अवलंबून असल्याने वीज बिलावरील मंजूर भार पाहून ठेवावा.

डिपॉझिट ही मालकांच्या हातातील अनामत रक्कम आहे, दंड नव्हे. भारतीय संविदा अधिनियमाच्या कलम ७३ व ७४ नुसार प्रत्यक्ष आणि वाजवी नुकसानीपुरतीच भरपाई मिळते. भिंतीच्या रंगाचे बिल व युनिटच्या दुरुस्तीचा खर्च ते मागू शकतात, परंतु जुन्या युनिटच्या बदल्यात नव्याची किंमत आपोआप मिळत नाही. करारात विद्युत भाराविषयी किंवा टँकविषयी एखादी अट असेल तर ती मला कळवावी, कारण तिच्यामुळे माझे मत बदलू शकते.

झिणझिण्यांची गोष्ट लपवू नये. पंधरा दिवस धोका जाणवूनही आपण टँक बंद केला नाही, ही आपली हयगय म्हणून मांडली जाईल आणि भरपाई काही अंशी कमी होऊ शकेल. तरीही त्याच गोष्टीतून दुकानदाराला धोक्याची आगाऊ कल्पना होती हेही दिसते. तो फोन कोणत्या दिवशी केला हे कॉल नोंदीतून आत्ताच काढून ठेवावे. भरपाईच्या यादीत प्रवाळांची किंमत लिहिण्याआधीही थांबावे, कारण दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकचे संरक्षण आहे. त्यांची जात आणि खरेदीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय तो दावा लिहून देणे आपल्यावरच उलटेल.

जळालेला बोर्ड, वायर आणि प्लग कागदी पिशवीत तसेच ठेवावेत. ते धुऊ नयेत, पुसू नयेत. त्यावरील मिठाचा पांढरा थर हाच आपला महत्त्वाचा पुरावा आहे. सॉकेट दुरुस्त करण्याआधी मालक आणि दुकानदार या दोघांना तपासणीची तारीख लेखी कळवावी आणि परवानाधारक कंत्राटदाराकडून फोटोंसह अहवाल घ्यावा. मोबाइलमधील फोटो व संदेशांसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र करून ठेवावे.

पुढे याच घरात टँक ठेवायचा असेल तर त्याच्यासाठी १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन आणि ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) मालकांच्या लेखी संमतीने बसवून घ्यावा. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण तो जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो, माणसाच्या अंगातून जाणारी गळती नव्हे. इन्व्हर्टरवर पंप चालवत असाल तर इन्व्हर्टरच्या आउटपुटवरही आरसीसीबी हवा. बोर्ड भिंतीवर, पाण्यापासून बाजूला आणि उंच असावा. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळलेले पाणी तेथूनच थेंबाथेंबाने गळेल. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याचीही मोजणी करून घ्यावी. आपल्याकडच्या मुरूम-कातळात उन्हाळ्यात तो खडखडीत कोरडा पडतो आणि वायर जोडलेली असूनही अर्थ कामाचा राहत नाही.

हे सर्व होईपर्यंत थांबू नये असे एकच काम आहे. आधीच्या भाडेकरूंचा नंबर मिळवून आजच त्यांच्याशी बोलावे, आणि गिझरची तक्रार मालकांना केव्हा व कशी सांगितली, त्यावर मालक काय म्हणाले, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे; त्यांनी तेव्हा व्हॉट्सअॅपवर कळवले असेल तर तो मूळ संदेश त्यांच्या फोनमध्ये जपून ठेवण्याची विनंती करावी.