प्लासिबो : वाण लागला, गुण नाही

‘प्लासिबोला मराठीत मिथ्यौषध म्हणावे का, आणि एखादे औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरले असे म्हणतात तेव्हा तुलना नेमकी कशाशी असते?’ असे एका वाचकाने विचारले आहे. ‘औषधी द्रव्य नसलेली गोळी’ हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो सोडतो. मात्र औषध लागू पडले नाही की ‘तो नुसता प्लासिबो होता’ असे जे सर्रास ऐकू येते, ते साफ चूक आहे. लागू न पडलेले औषध हे फसलेले औषध होय. प्लासिबोकडून गुणाची अपेक्षा मुळातच कोणी केलेली नसते.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. लॅटिनमध्ये ‘प्लासेबो’ हे नाम नव्हेच. ते प्रथमपुरुषी भविष्यकाळी क्रियापद आहे, संस्कृतात अगदी ‘तोषयिष्यामि’. बायबलमधील एका स्तोत्रातली मूळ हिब्रू ओळ ‘मी परमेश्वरासमोर चालेन’ अशी आहे. ग्रीक भाषांतरात ती ‘मी परमेश्वराला संतुष्ट करीन’ अशी झाली आणि लॅटिनमध्ये तशीच उतरली. मृतांसाठीच्या सायंप्रार्थनेत हा शब्द आरंभीच येत असल्याने त्या प्रार्थनेलाच ते नाव पडले, आणि पुढे इंग्रजीत ‘प्लासिबो गाणे’ म्हणजे तोंडपुजेपणा करणे, असा वाक्प्रचार झाला. १८११ सालच्या एका इंग्रजी वैद्यककोशाने तर रोग्याला गुण यावा यापेक्षा त्याचे समाधान व्हावे म्हणून दिलेले औषध, असाच अर्थ नोंदवला आहे.

म्हणूनच ‘मिथ्यौषध’ सुचवणाऱ्या परिभाषाकारांशी माझे जमत नाही. त्यांनी शब्दातला तोष टाकून दिला आणि लबाडी तेवढी ठेवली. शिवाय प्लासिबो औषधच असतो असे कोठे आहे? अमेरिकेत ह्यूस्टन येथे गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींच्या गुडघ्यावर केवळ त्वचेला छेद दिले गेले, आणि आत सांधा धुतला जात आहे असा आवाज यावा म्हणून सलाइनचे पाणी खळखळवले गेले. दोन वर्षांनंतरही खरी दुर्बीण-शस्त्रक्रिया या बतावणीहून सरस ठरली नाही. येथे औषध कोठले? माझ्या मते ‘तोषोपचार’ हाच नेमका शब्द आहे. तो कोणी वापरत नाही, हा शब्दाचा दोष नव्हे.

राहिला तुलनेचा प्रश्न. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागला. चाचणीतल्या गोळीचे नेमके उलटे असते. रंग, आकार, चव हा सारा वाण औषधाचाच, गुण मात्र नाही. एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला ही गोळी; दोन्ही गटांत गुणाचा तेवढाच फरक उरावा, यासाठी हा खटाटोप. मात्र प्लासिबो घेणाऱ्यांना आलेला सगळा उतार प्लासिबोच्या खात्यावर मांडू नये, कारण पुष्कळ दुखणी आपोआप ओसरतात आणि माणूस बहुधा दुखणे ऐन भरात असतानाच चाचणीत दाखल होतो. खुद्द प्लासिबोचा प्रभाव मोजायचा तर काहीही न दिलेला तिसरा गट लागतो. असा गट असलेल्या शंभराहून अधिक चाचण्या कोपनहेगनच्या दोन संशोधकांनी २००१ साली एकत्र तपासल्या, तेव्हा मोजून पाहता येणाऱ्या लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. जो थोडाफार आढळला तो वेदनेसारख्या, रुग्णाने स्वतःच सांगायच्या गोष्टींत, म्हणजे तोषातच.